प्रशासकीय सुनावणीच्या कागदपत्रांतील गोपनीयता

परवाना रद्द होणे, अपंगत्वाचा भत्ता नाकारला जाणे, एखाद्या कंपनीला दंड होणे किंवा आयात मालावर जादा शुल्क बसणे अशा बाबींचा निवाडा बहुधा न्यायालयाआधी सरकारी खात्यापुढे किंवा नियामक मंडळापुढे होतो. या सुनावणीत दाखल होणाऱ्या अर्ज, शपथपत्रे, पुरावे आणि जबान्यांमधला खासगी तपशील व व्यापारी गुपिते लोकांच्या नजरेआड ठेवण्यासाठी जे नियम आणि ज्या रीती पाळल्या जातात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. कागद उघडे असणे हा मूळ नियम आहे आणि झाकणे हा अपवाद. सरकार कोणाच्या बाबतीत काय ठरवते आणि कशाच्या आधारावर, हे कोणालाही पाहता आले पाहिजे. त्यामुळे झाकण्याची मागणी करणाऱ्यानेच तिचे कारण द्यायचे असते.

उघड्या कागदाची झळ पुष्कळदा सुनावणीत नसलेल्या माणसालाच लागते. अपंगत्वाच्या दाव्यातला वैद्यकीय अहवाल घ्या. पहिल्या पानावरचे नाव आणि जन्मतारीख काळजीपूर्वक झाकलेली असते. पण तीच ओळ संगणकाने पुढच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापलेली असते. फॅक्सच्या पट्टीत दूरध्वनी क्रमांक असतो. कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात आईचा मनोविकार आणि मुलाचे औषध नोंदलेले असते. त्या आईला किंवा मुलाला या सुनावणीची नोटीस गेलेली नसते, आणि त्यांच्या वतीने हरकत घेणारेही तिथे कोणी नसते.

अमेरिकेच्या संघराज्य न्यायालयांच्या दिवाणी प्रक्रियेतला नियम ५.२ हा या विषयातला ठळक नमुना आहे. तो १ डिसेंबर २००७ पासून लागू झाला. सामाजिक सुरक्षा क्रमांक (अमेरिकेतला प्रत्येकाचा सरकारी ओळखक्रमांक), करदाता क्रमांक आणि बँक खाते यांचे फक्त शेवटचे चार आकडे, जन्मतारखेऐवजी जन्मवर्ष, आणि अल्पवयीन मुलाच्या नावाऐवजी आद्याक्षरे लिहावीत, असे तो सांगतो. झाकण्याची जबाबदारी कागद दाखल करणाऱ्याची असते. न्यायालयाचा कारकून तपासून देत नाही. स्वतःची माहिती कोणी न झाकता, सीलबंदही न करता दाखल केली, तर त्या माहितीपुरते संरक्षण त्याने सोडले असे धरले जाते. वकील न लावता स्वतःच कागद भरणाऱ्या माणसाला हे कलम फार कठोर वाटते, आणि ते आहेच.

याच नियमात एक अपवाद आहे: प्रशासकीय कार्यवाहीचा अभिलेख जसाच्या तसा न्यायालयात आला, तर त्यावर झाकण्याची ही सक्ती नाही. म्हणजे खात्यापुढच्या सुनावणीत जे उघडे राहिले, ते अपिलातही उघडेच पुढे जाऊ शकते. म्हणून पहिल्या पायरीवरची काळजी सर्वांत मोलाची. सामाजिक सुरक्षा लाभांची अपिले आणि स्थलांतराची प्रकरणे मात्र वेगळी ठेवली आहेत. त्यांतले कागद घरबसल्या फक्त पक्षकारांना व त्यांच्या वकिलांना पाहता येतात. इतरांना पूर्ण फाईल पाहायची तर न्यायालयात जावे लागते. कागद खुला ठेवूनही तो एका टिचकीवर जगभर पोचू न देण्याचा हा शहाणा तोडगा आहे.

चार आकड्यांची पद्धतही निर्दोष नाही. २५ जून २०११ पूर्वी दिलेल्या नऊ आकडी सामाजिक सुरक्षा क्रमांकांत पहिले तीन आकडे ठिकाणावरून ठरत. ते अंदाजाने काढता येतात. माणसागणिक खरा फरक शेवटच्या चारांत असतो, आणि नेमके तेच उघडे राहतात.

झाकणे म्हणजे खरोखर काढून टाकणे. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला की डोळ्यांना मजकूर दिसत नाही, पण तो खाली शाबूत असतो. निवडून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. जानेवारी २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेचे माजी प्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी दाखल केलेल्या कागदात हेच घडले. डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाची विमानतळ तपासणीची पुस्तिकाही अशीच उघडी पडली होती. फाईलचे नाव, बुकमार्क आणि आधीच्या दुरुस्त्यांचे माग यांतही झाकलेले नाव राहून जाते.

व्यापारी माहितीचा प्रश्न निराळा आहे, कारण तिथे प्रतिपक्षाला उत्तर देता येण्याइतके कळलेच पाहिजे. परदेशी माल अवाजवी स्वस्तात विकला गेला तर त्यावर जादा शुल्क कसे लावायचे हे ठरवणाऱ्या जागतिक व्यापार संघटनेच्या अँटी-डंपिंग कराराचे कलम ६.५ गोपनीय माहितीला संरक्षण देते आणि तिचा उघडा सारांशही मागते. अशा प्रकरणांत अमेरिकेच्या वाणिज्य खात्यापुढे गोपनीय आकडे चौकटी कंसात लिहितात आणि एक प्रत कंस रिकामे करून सार्वजनिक करतात. आकड्याचा सारांश देताना निर्देशांक (एका आधार-आकड्याच्या तुलनेत मांडलेला आकडा) किंवा खऱ्या आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आतला आकडा चालतो. पूर्ण प्रत संरक्षक आदेशाखाली, म्हणजे ती गुप्त ठेवण्याच्या अटीवर, प्रतिपक्षाच्या वकिलांना मिळते. ती अशिलाला दाखवता येत नाही. कंस लावायला वेळ मिळावा म्हणून अंतिम गोपनीय प्रत आणि सार्वजनिक प्रत मुदतीनंतरच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी देता येते. घाईत कंस चुकतात, हे मान्य करून केलेली ही सोय आहे.

सगळेच कंसात घालण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या सुनावणीत ‘इन कॅमेरा’, म्हणजे बंद दाराआडचे, संरक्षण हवे असेल, तर उघड झाल्याने स्पष्ट आणि गंभीर इजा होईल हे दाखवावे लागते. नेहमीच्या व्यापारी नोंदींना ते साधारण दोन ते पाच वर्षांसाठीच मिळते. ओळखक्रमांक, पूर्ण जन्मतारीख, वैद्यकीय नोंदी अशा संवेदनशील वैयक्तिक माहितीला मात्र ते कायमचे असते. साक्ष त्या भागाशी आली की दालन रिकामे करून घेतात आणि जबानीचा तेवढा भाग सार्वजनिक प्रतीतून वगळतात.