रस्सा मंडळ (महाविद्यालयीन)

मित्रांनी वर्गणी काढून रानात किंवा मळ्यात चूल मांडायची, मटण स्वतः शिजवायचे आणि तांबडा-पांढरा रस्सा पंगतीत बसून संपवायचा, या कोल्हापुरी रिवाजाला रस्सा मंडळ म्हणतात. नावात ‘मंडळ’ असले तरी नोंदणी नाही, पदाधिकारी नाहीत; चूल विझली की मंडळ मोडते. आखाडात आणि थर्टीफर्स्टला ते गल्लोगल्ली होते. महाविद्यालयात मात्र त्याचा खरा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. शेवटच्या वर्षाच्या मुलांना निरोप देण्याची ही कोल्हापूरची रीत आहे आणि हॉल भाड्याने घेऊन केलेल्या सेंड-ऑफपेक्षा ती कितीतरी जास्त लक्षात राहते.

त्याआधी गॅदरिंग होऊन गेलेले असते. ट्रॅडिशनल डेला फेटे, नऊवारी आणि हलगी-घुमक्याचा ताल, मग स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ आणि फिशपाँड, म्हणजे जुन्या भाषेत शेलापागोटे. फिशपाँडच्या चिठ्ठ्या व्यासपीठावर जाण्याआधी दोघा-तिघांनी वाचून काढाव्यात. रंग, जात, वजन किंवा कुणाचे खाजगी प्रेमप्रकरण यांवरची चिठ्ठी तिथेच फाडावी. भर सभागृहात झालेला अपमान वर्षाखेरीला पुसता येत नाही.

कोल्हापूर हे शिक्षणाचे जुने गाव: राजाराम महाविद्यालय 1880 चे, शिवाजी विद्यापीठ 1962 चे. राजर्षी शाहूंनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली, म्हणून कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. आजही चंदगड, आजरा, राधानगरीकडची मुले इथे खोली करून किंवा वसतिगृहात राहतात आणि खानावळीत जेवतात. तारीख ठरवताना हे ध्यानात घ्यावे लागते. शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी ठेवलेले मंडळ निम्मे रिकामे राहते, कारण पेपर सुटताच गावाकडची मुले एसटी गाठतात. प्रात्यक्षिके संपून लेखी परीक्षेला आठवडाभर अवकाश आहे, असा दिवस चांगला. वारही पाहावा. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे बरेच असतात, शिवाय संकष्टी, एकादशी आणि रमजान आहेच. मटण हलाल दुकानातून आणले की मुस्लिम मित्रांची अडचण राहत नाही. शाकाहारी मुलांसाठी अख्खा मसूर वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीने आणि सर्वांत आधी शिजवून बाजूला ठेवावा. शेवटी घाईत केलेल्या मसुरात मटणाची पळी हमखास जाते.

वर्गणी दोन दिवस आधी हातात आली पाहिजे. कोल्हापुरात मटणाचा दर हा जिव्हाळ्याचा विषय आहे, 2019 च्या अखेरीस त्यावरून आंदोलनही झाले. त्यामुळे आकडा आदल्या दिवशी दुकानात विचारूनच ठरवावा. रिवाज असा की निरोप घेणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत. उरलेल्या डोक्यांवर भागून खर्च निघतो.

पंचवीस माणसांना 5 किलो बोकडाचे मटण लागते, म्हणजे पाच जणांत एक किलो. मांडी, खांदा, चाप मिसळून घ्यावे आणि हाडे सोडू नयेत, कारण रश्शाची चव हाडांतून उतरते. नुसते बोनलेस घेतले की रस्सा पाणचट होतो. याशिवाय कांदे 2 किलो, लसूण पाव किलो, आले 150 ग्रॅम, सुके खोबरे अर्धा किलो, ओले नारळ पाच, तीळ आणि खसखस शंभर-शंभर ग्रॅम, काजू 150 ग्रॅम, तेल एक लिटर, कांदा-लसूण चटणी पाव किलो, तांदूळ अडीच किलो. भाकऱ्या माणशी दोन धरून जवळच्या वस्तीवर आधीच सांगून ठेवतात. सरपण वीस-पंचवीस किलो, वाळलेले. ओल्या लाकडाचा धूर पांढऱ्या रश्शात उतरतो.

मटण धुऊन त्याला हळद, मीठ आणि आले-लसूण-कोथिंबिरीचे वाटण चोळून अर्धा तास ठेवतात. थोड्या तेलात कांदा परतून मटण घालायचे, वर पाणी भरलेली परात झाकायची. मटणाला स्वतःचे पाणी सुटले की परातीतले तापलेले पाणी आत ओतायचे. असे मिळून 12 लिटर पाणी जाते. शिजून दहाएक लिटर अळणी, म्हणजे मटण शिजलेले पाणी, उरते. थंड पाणी ओतले की उकळी मोडते आणि शिजायला वेळ लागतो. उघड्या पातेल्यात दीड ते दोन तास धरावेत. मीठ आधी बेताचेच घालावे, कारण पाणी आटत जाते आणि चटणीतही मीठ असते.

पांढऱ्यासाठी निम्म्याहून थोडे कमी अळणी वेगळे काढतात. तीळ, खसखस, काजू यांचे गंधासारखे बारीक वाटण आणि पाच नारळांचे दूध लागते. लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी आणि मोडलेल्या हिरव्या मिरच्यांची फोडणी करून अळणी ओततात, त्यात वाटण शिजवतात आणि नारळाचे दूध शेवटी घालतात. इथेच सर्वांत जास्त मंडळे फसतात. दूध घातल्यावर खळखळून उकळी आली की रस्सा फाटतो, वर तेल आणि खाली चोथा. चुलीला बटण नसते. लाकडे बाहेर ओढायची, निखाऱ्यावर ठेवायचे आणि वाफ येईपर्यंत हात थांबवायचा नाही.

तांबड्यासाठी कांदा, सुके खोबरे, तीळ भाजून वाटतात. तेलात वाटण कड सुटेपर्यंत परतायचे, मगच चटणी. धुरावलेल्या तेलात चटणी थेट टाकली तर ती जळून कडू होते आणि तो कडूपणा पुढे कशानेही जात नाही. चटणी पडताच वाटीभर अळणी ओतावे, तर्री लालभडक राहते. फोडींचे सुके करतात, तेव्हा प्रत्येक ताटात तिन्ही येतात.

सकाळी सातला मटण, नऊला चूल, दीड-दोनला पंगत. वसतिगृहांची फाटके संध्याकाळी बंद होतात, म्हणून दिवसाचे मंडळच मुलींना सोयीचे. मात्र नारळ खवणे, वाटणे त्यांच्यावर सोडून मुलांनी चुलीभोवती गाणी म्हणत बसणे बरे नव्हे. कामाच्या चिठ्ठ्या टाकाव्यात.

जागा ओळखीच्या शेतकऱ्याची, परवानगी घेऊन. याच दिवसांत ऊस तुटून गेलेल्या रानात पाचट पडलेले असते. एक ठिणगी शेजारच्या फडापर्यंत जाते. चुलीभोवती चार-पाच हात जमीन झाडून ओली करावी आणि दोन घागरी पाणी जवळ ठेवावे. पन्हाळगडावर चूल मांडू नये, तो संरक्षित किल्ला आहे. जेवून तलावात किंवा धरणाच्या पाण्यात उतरू नये. पोहता येणारेही बुडतात.

दारूचा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे: महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21 आणि कडक दारूला 25 वर्षे पूर्ण लागतात, वर परवाना. पदवीच्या मुलांपैकी बहुतेक त्यात बसत नाहीत. दुचाकीवर रात्री घाट उतरायचा असेल तर हा विषय काढूच नये. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद. शाळा-महाविद्यालयांभोवतीचा शंभर मीटर परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. हलगी नेली असेल तर सैल पडलेले कातडे निखाऱ्यावर शेकून घेतात, तेव्हा ती कडाडते.

उरलेला पांढरा रस्सा नेऊ नये. मार्चच्या उन्हात नारळाचे दूध काही तासांत आंबते. तांबडा मात्र खोलीवर नेऊन पुन्हा चांगला उकळला की रात्री भाकरीसोबत चालतो.