बुरूड राजाचा कोट

पालघर जिल्ह्यात, वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत, नालासोपारा रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला असलेले माती-विटांचे प्राचीन टेकाड. हे टेकाड म्हणजे एका बौद्ध स्तूपाचा अवशेष असून ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आहे. स्थानकाच्या नावात नाळे आणि सोपारा ही दोन गावे एकत्र आली आहेत. त्यांपैकी सोपारा हे प्राचीन अपरान्तातील, म्हणजे उत्तर कोकणातील, मोठे बंदर होते.

देशावर जुन्या वस्तीचे टेकाड म्हणजे गावची ‘पांढरी’: पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे पडून त्यांच्यावर नवी उभी राहिल्याने चढत गेलेला थर. कोकणात जोरदार पाऊस, जांभा दगड आणि नारळी-पोफळीच्या वाड्या यांमुळे असे थर सहसा ठळकपणे वर येत नाहीत. म्हणून किनाऱ्यावर जे मोजके उंचवटे आजही ओळखू येतात, त्यांचे मोल अधिक आहे. मुंबई बंदरातील घारापुरी बेटावर लेण्यांसाठी जाणारे बहुतेक पर्यटक तेथील दुसऱ्या टेकडीवरील विटांच्या स्तूपाकडे न फिरकताच परततात. सोपाऱ्याचे टेकाड तर भर वस्तीत आहे.

सोपाऱ्याचे प्राचीन नाव ‘शूर्पारक’. त्यातील शूर्प म्हणजे सूप, आणि सुपे विणतो तो बुरूड. स्तूपाची आठवण पुसली गेल्यावरही लोकांनी टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हटले, यात गावाच्या प्राचीन नावाचा धागा टिकून राहिला असावा असे मानण्यास जागा आहे. महाभारतात शूर्पारकाचा उल्लेख आहे, ‘महावंस’ या श्रीलंकेच्या पाली इतिहासग्रंथानुसार सिंहलद्वीपाकडे (श्रीलंकेकडे) निघालेला राजपुत्र विजय प्रथम सुप्पारकाला उतरला, आणि क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखात शोर्पारगाचे नाव येते. वैतरणा आणि वसईची खाडी यांना जोडणारा जलमार्ग या बंदराचा आधार होता. तो गाळाने भरत गेल्याने आज टेकाडावर उभे राहिल्यास बंदराची खूण दिसत नाही.

१८८२ साली पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांनी येथे उत्खनन केले. स्तूपाच्या मध्यभागी दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याची मंजूषा आणि तिच्याभोवती आठ लहान धातुमूर्ती होत्या: सात मानुषी बुद्ध (गौतम व त्याच्या आधीचे सहा बुद्ध) आणि मैत्रेय, म्हणजे भावी बुद्ध. मंजूषेत चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची डबी होती. त्या शेवटच्या डबीत सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे मिळाले. हे तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. मौल्यवान धातूंच्या इतक्या आवरणांखाली साध्या खापराचे कण जपून ठेवले होते, ही या शोधातील सर्वांत हृद्य बाब होय.

या ठेव्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही होते, त्यामुळे ठेवा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे नेता येतो. मूर्तींची घडण मात्र आठव्या-नवव्या शतकातील दिसते. म्हणजे स्तूप मध्यंतरी कधीतरी उघडून, मूर्तींसह पुन्हा श्रद्धेने मिटवला गेला असला पाहिजे, आणि सातवाहन काळानंतर कित्येक शतके येथे बौद्ध उपासना चालू होती. उत्खननाच्याच वर्षी, १८८२ मध्ये, सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा.

टेकाड पाहण्यास जाणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे की येथील वस्तू येथे नाहीत. मंजूषा व मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत, तर नववा शिलालेख छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आधी त्या पाहून मग सोपाऱ्याला आल्यास विटांच्या वर्तुळाचा मध्य कशासाठी राखला होता ते नीट उमगते. बुद्धपौर्णिमेला उपासक येथे वंदनेसाठी जमतात. विटांच्या कडा पावसाने झिजलेल्या असल्याने स्तूपावर चढू नये, सुटी वीट किंवा खापर उचलू नये, आणि प्रदक्षिणा खालूनच घालावी. पावसाळ्यात गवत माजून रचना झाकली जाते. दिवाळीनंतर ते वाळले की पाया आणि प्रदक्षिणापथाची आखणी स्पष्ट दिसू लागते. जवळच चक्रेश्वर तलावाच्या काठी मंदिराच्या आवारात जुनी शिल्पे ठेवलेली आहेत; त्यांतील ब्रह्मदेवाची उभी मूर्ती आवर्जून पाहण्याजोगी आहे.