पायथनमधून एसक्यूएल स्क्रिप्ट चालवणे

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या आज्ञा लिहिलेली फाइल पायथन प्रोग्रामने वाचून डेटाबेसवर चालवण्याची पद्धत. नवी टेबल तयार करणे, सुरुवातीचा डेटा भरणे, स्कीमा (टेबलांची रचना) बदलणे किंवा चाचणीआधी कोरा डेटाबेस उभा करणे यासाठी ती वापरतात. फाइल वाचणे सोपे आहे. अडते ते पुढे: एक आज्ञा संपून दुसरी कुठे सुरू झाली, हे ठरवायचे कोणी?

ड्रायव्हर म्हणजे पायथनला डेटाबेसशी जोडणारे मॉड्यूल. पायथनच्या डेटाबेस ड्रायव्हरांसाठीच्या ‘पेप २४९’ या प्रमाणात एक आज्ञा चालवणारी ‘एक्झिक्यूट’ आणि तीच आज्ञा अनेक मूल्यांसाठी चालवणारी ‘एक्झिक्यूटमेनी’ आहेत, पण आख्खी स्क्रिप्ट चालवणारी पद्धत नाही. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरची रीत वेगळी. पायथन २.५ पासून सोबत येणाऱ्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये ‘एक्झिक्यूट’ला एकाहून अधिक आज्ञा दिल्या की एरर येतो, स्क्रिप्टसाठी ‘एक्झिक्यूटस्क्रिप्ट’ आहे, मात्र तिला पॅरामीटर (आज्ञेत बाहेरून भरायची मूल्ये) देता येत नाहीत. पोस्टग्रेस या डेटाबेसचा सायकोपीजी ड्रायव्हर पॅरामीटर नसतील तर अनेक आज्ञा एकदम स्वीकारतो.

एसक्यूएलमध्ये आज्ञा अर्धविरामाने (;) संपते, म्हणून मजकूर अर्धविरामावर तोडून एकेक तुकडा चालवणे हा पुष्कळांचा पहिला उपाय असतो. साध्या फाइलला तो चालून जातो. पण ‘पत्ता बदलला; फोन तोच’ असा शेरा भरणारी एक इन्सर्ट आज्ञा आली, की अवतरणातला अर्धविरामही तुटतो आणि दोन्ही तुकडे निकामी होतात. ट्रिगरच्या (टेबलमध्ये बदल झाला की आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या) ‘बिगिन’ आणि ‘एंड’मधल्या आज्ञांचेही तेच. तोडायचेच असेल तर एसक्यूएलचे व्याकरण जाणून मजकूर फोडणारा प्रोग्राम, म्हणजे पार्सर, घ्यावा.

काही ओळी तर एसक्यूएल नसतातच. मायएसक्यूएलचे ‘डिलिमिटर’, एसक्यूएल सर्व्हरच्या फाइलींतले ‘गो’, पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल क्लायंटच्या उलट्या तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या सूचना हे सारे त्या त्या क्लायंटला, म्हणजे सर्व्हरला आज्ञा पाठवणाऱ्या प्रोग्रामला, कळते, सर्व्हरला नाही. अशी फाइल दुसरा प्रोग्राम चालवणाऱ्या पायथनच्या ‘सबप्रोसेस’मधून मूळ क्लायंटकडेच सोपवणे अधिक भरवशाचे.

सर्वांत जास्त काळजी अर्ध्यावर थांबलेल्या स्क्रिप्टची घ्यावी लागते. ‘एक्झिक्यूटस्क्रिप्ट’ नेहमीच्या सेटिंगमध्ये आधीचे उघडे ट्रान्झॅक्शन (एकत्र लागू किंवा रद्द होणाऱ्या आज्ञांचा गट) कमिट म्हणजे कायम करते आणि स्वतः नवे सुरू करत नाही. मधली आज्ञा फसली तर आधीचे बदल तसेच राहतात. फाइलीतच ‘बिगिन’ आणि ‘कमिट’ लिहिले आणि एरर पकडून रोलबॅक केला, म्हणजे बदल रद्द केले, तर एसक्यूलाइटमध्ये टेबलनिर्मितीही मागे घेता येते. पोस्टग्रेसमध्येही ट्रान्झॅक्शनमधली टेबलनिर्मिती अशीच मागे फिरते. मायएसक्यूएलमध्ये मात्र ‘क्रिएट टेबल’ किंवा ‘ऑल्टर टेबल’ चालताच कमिट आपोआप होते. तिथे स्क्रिप्ट पुन्हा चालवली तरी बिघडणार नाही अशा बेताने लिहावी लागते.