नवव्या महिन्यात बाळ ‘शांत’ होतं का?

“नववा लागला की पोटात जागा उरत नाही, बाळाची हालचाल कमी होणारच, काळजी नको.” हा निरोप वर्षानुवर्षं होणाऱ्या बाबांच्या मोबाइलवर फिरतोय. घरातली वडीलधारी माणसंही धीर द्यायला हेच सांगतात. पटतंही, कारण जागा खरोखरच अपुरी होते. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

बदलतो तो हालचालीचा प्रकार. आधीची फटकन बसणारी लाथ आता कूस वळल्यासारखी, लोटल्यासारखी जाणवते. बायकोच्या बरगडीखाली हात ठेवलात तर टाचेचा टणक उंचवटा तळव्याखालून सरकतो. हालचाल कळा सुरू होईपर्यंत, अगदी कळांमध्येही, चालू राहते. मधली स्तब्धता म्हणजे बाळाची झोप. ती साधारण २० ते ४० मिनिटांची, दीड तासाच्या पुढे सहसा जात नाही.

पडताळायचं असेल तर रात्री जेवणानंतर तिला डाव्या कुशीवर निजू द्या, टीव्ही बंद करा, दोघं मिळून मोजा. २ तासांत १० हालचाली ही नेहमीची मोजपट्टी. पण त्याहून मोलाचा आहे त्या बाळाचा रोजचा शिरस्ता, आणि तो आईलाच नीट ठाऊक असतो. “आज कमी वाटतंय” असं ती म्हणाली की आकड्यासाठी थांबू नका. घरच्या डॉपलरवर, म्हणजे पोटावर ठेवायच्या छोट्या यंत्रावर, बाळाचे ठोके ऐकून समाधान मानू नका; ठोके ऐकू आले म्हणजे बाळ ठीक आहे असं ठरत नाही. मध्यरात्र असली तरी दवाखान्यात न्या. तिथे एनएसटी यंत्रावर ठोक्यांचा आलेख काढून बाळाची स्थिती बघतात.