नदीखालच्या गॅस पाइपलाइनची सुरक्षा तपासणी झाली का? माहिती मागण्याची आणि तक्रारीची पद्धत, पात्रता व कागदपत्रे

पंचगंगेचा पूर ओसरला की काठच्या गावांतून एक प्रश्न हमखास येतो: पात्राखालून गेलेली गॅसची पाइपलाइन पुरानंतर कोणी पाहिली का? प्रश्न रास्त आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत काठ कसे तुटले आणि पात्राचा तळ कसा खरवडला गेला, हे करवीर-शिरोळच्या लोकांना वेगळे सांगायला नको. वाहिनीवरचे मातीचे आवरण निघून गेले की ती उघडी पडते, आणि खालचा आधारही गेला तर प्रवाहाचा व वाहून आलेल्या ओंडक्यांचा ताण थेट पोलादावर येतो. तरीही माहितीच्या अधिकाराखाली या प्रश्नाचे लेखी उत्तर मागणारे अनेक अर्ज परत येतात, आणि त्याचे कारण माहिती गोपनीय असणे हे क्वचितच असते. चुकीचे कार्यालय, चुकीच्या स्वरूपात भरलेले दहा रुपयांचे शुल्क, चुकीच्या शब्दांत विचारलेला प्रश्न आणि मुदतीचा चुकीचा हिशोब या चार कारणांनी अर्ज अडतात.

अर्ज कोणाकडे करावा

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात दोन प्रकारच्या गॅसवाहिन्या आहेत. पहिली दाभोळ-बेंगळुरू ही गेल इंडिया या केंद्र सरकारी कंपनीची उच्च दाबाची मुख्य वाहिनी, जी रत्नागिरीकडून येऊन कोल्हापूर जिल्ह्यातून पुढे बेळगावकडे जाते. दुसरे घरगुती व औद्योगिक ग्राहकांना गॅस पुरवणारे शहर वितरणाचे जाळे. दोन्हींच्या सुरक्षा मानकांवर देखरेख करण्याचे काम २००६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाकडे (यापुढे नुसते 'मंडळ'), म्हणजे नवी दिल्लीकडे आहे. शहर वितरणासाठी मंडळाची २००८ ची तांत्रिक व सुरक्षा मानकांची नियमावली आहे, मुख्य वाहिन्यांसाठी २००९ ची आहे, आणि वाहिनीच्या सुस्थितीच्या व्यवस्थापनाविषयी अनुक्रमे २०१३ व २०१२ च्या स्वतंत्र नियमावल्या आहेत. प्रत्यक्ष तपासणी कंपनी स्वतः करते, शिवाय मंडळाने मान्यता दिलेल्या त्रयस्थ संस्थेकडून करून घेते, आणि अहवाल मंडळापुढे जातो. कोल्हापुरातले कोणतेही सरकारी कार्यालय नदीत माणूस उतरवून ही वाहिनी पाहत नाही. म्हणूनच जिल्हाधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळ किंवा औद्योगिक सुरक्षा संचालनालय यांच्याकडे दिलेल्या अर्जावर 'या कार्यालयाशी संबंधित नाही' असा शेरा येतो.

आणखी दोन दारे लोक हमखास चुकून ठोठावतात. नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना सीएनजी पंपाच्या परवान्यासाठी योग्य आहे, नदीखालच्या गॅसवाहिनीच्या तपासणीसाठी नाही. तेल उद्योग सुरक्षा संचालनालय २००८ च्या सागरी सुरक्षा नियमांखाली समुद्रातल्या कामांवर देखरेख ठेवते, म्हणजे मुंबई हायकडून उरणला येणाऱ्या समुद्रतळाच्या वाहिन्यांचा विषय त्यांच्याकडे जातो. 'पाण्याखालची' एवढा एकच शब्द वाचून पंचगंगेचा अर्ज तिकडे पाठवू नये.

माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ६ (३) नुसार चुकीच्या कार्यालयाने अर्ज पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे वर्ग करायचा असतो. कायद्यात हे इतके स्पष्ट लिहिलेले असताना 'आपण संबंधितांकडे अर्ज करावा' असे एका ओळीचे उत्तर देऊन मोकळी होणारी कार्यालये आहेत, आणि तेवढ्यात अर्जदाराचा महिना जातो. तेव्हा वर्गीकरणाच्या भरवशावर न राहता अर्ज पहिल्यापासून योग्य ठिकाणीच करावा. वाहिनी गेलची असेल तर एक अर्ज गेलच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे आणि दुसरा मंडळाकडे द्यावा. वाहिनी वितरण कंपनीची असून ती कंपनी 'आम्हाला हा कायदा लागू नाही' असे म्हणत असेल, तर वादात न पडता मंडळाकडेच अर्ज करावा आणि त्यात कलम २ (च) चा उल्लेख करावा. अन्य कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरणाला खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, ती 'माहिती' या व्याख्येत येते, असे ते कलम सांगते. हे एक वाक्य अर्जात नसल्यामुळे 'माहिती कंपनीकडे आहे' असे उत्तर घेऊन परतलेले लोक पाहिले आहेत.

नदी ओलांडण्यासाठी जलसंपदा विभागाने दिलेली परवानगी आणि तिच्या अटी हा मात्र राज्याचा दस्तऐवज आहे. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो आणि त्याचे नियमही वेगळे आहेत.

पात्रता, शुल्क आणि कागदपत्रे

अर्जदार भारताचा नागरिक असणे एवढीच पात्रता आहे. वाहिनी आपल्या जमिनीतून गेलेली असण्याची गरज नाही, आणि कलम ६ (२) नुसार कारणही सांगावे लागत नाही. ग्रामपंचायत, सहकारी पाणीपुरवठा संस्था किंवा तरुण मंडळ यांच्या नावाने केलेला अर्ज 'नागरिक नाही' म्हणून अडू शकतो. सरपंचांनी किंवा सचिवांनी स्वतःचे नाव स्पष्ट लिहून, पद खाली नमूद करून सही केली की ही अडचण संपते.

खरी अडचण शुल्काची आहे. शुल्क केंद्र आणि राज्य दोन्हीकडे दहाच रुपये आहे, पण आपल्याकडे राज्य कार्यालयांच्या अर्जांवर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायची सवय इतकी मुरलेली आहे की दिल्लीला पाठवायच्या अर्जावरही तोच चिकटवला जातो. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत कोर्ट फी स्टॅम्प नाही. तिथे लेखा अधिकाऱ्याच्या नावे पोस्टल ऑर्डर, डिमांड ड्राफ्ट, बँकर्स चेक, पावतीसह रोख किंवा ऑनलाइन भरणा एवढेच चालते. स्टॅम्प लावलेला अर्ज म्हणजे शुल्काविना आलेला अर्ज, आणि त्यावर मुदत सुरूच होत नाही. सर्वांत सुरक्षित मार्ग केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळाचा आहे. त्या संकेतस्थळावर राज्याच्या कार्यालयाचा अर्ज टाकल्यास तो परत येतो आणि पैसेही परत मिळत नाहीत, हे ध्यानात असावे. जलसंपदा विभागासाठी महाराष्ट्राचे जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, तर केंद्राकडे ५०० शब्दांपर्यंत मोकळीक, असा हा फरक आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दोन्हीकडे शुल्क माफ आहे, पण त्याचा पुरावा जोडला नाही तर माफी मिळत नाही.

सातबारा, रहिवासी दाखला, प्रतिज्ञापत्र यांपैकी काहीही माहितीच्या अर्जाला लागत नाही. लोक मात्र आधी सेतू केंद्रात रांग लावून कागद जमवतात आणि आठवडा घालवतात. ज्याची खरोखर गरज पडते ते वेगळेच आहे, आणि ते सहसा कोणाकडेच नसते: वाहिनी नेमकी कोणत्या जागी नदी ओलांडते याचा पुरावा. 'गावाजवळची पाइपलाइन' असे लिहिलेल्या अर्जाला 'माहितीचा बोध होत नाही' असे उत्तर येते आणि त्यात सगळाच दोष कार्यालयाचा नसतो. नदीच्या पात्राला सातबारा नसतो, त्यामुळे दोन्ही काठांवरच्या शेवटच्या जमिनींचे गट क्रमांक द्यावेत. मुख्य वाहिनीसाठी १९६२ च्या कायद्याखाली जमिनीतील वापराचा हक्क संपादन झालेला असल्यास त्या सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' रकान्यात नोंद सापडू शकते, आणि फेरफार क्रमांकावरून राजपत्रातली अधिसूचना शोधता येते. शहर वितरणाची वाहिनी रस्त्याच्या कडेने जात असल्याने सातबाऱ्यात ती दिसणार नाही. तिथे काठावरच्या खुणेच्या खांबाचा उपयोग होतो. खांबावर कंपनीचे नाव व आपत्कालीन दूरध्वनी असतो आणि बहुधा साखळी क्रमांकही, म्हणजे वाहिनीवरचे अंतर दाखवणारा आकडाही असतो. त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. पुरात खांबच वाहून गेला असेल तर तसे अर्जात लिहावे, कारण खांब पुन्हा कधी उभारला हाही माहितीचाच भाग आहे.

भाषेबद्दल थोडेसे. अर्ज जिथून केला जातो त्या प्रदेशाच्या राजभाषेत करण्याची मुभा कायद्याने दिली आहे, म्हणजे मराठी अर्ज नाकारता येत नाही. पण तो दिल्लीत वाचणारा माणूस मिळेपर्यंत वेळ जातो, म्हणून सोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडणे शहाणपणाचे ठरते.

प्रश्न कसा विचारावा

'ही पाइपलाइन सुरक्षित आहे का?' हा माणसाच्या मनातला खरा प्रश्न आहे आणि अर्जातला निरुपयोगी प्रश्न आहे. कायदा अस्तित्वात असलेला कागद देतो, मत देत नाही. त्याऐवजी अमुक गटांदरम्यानच्या नदी ओलांडणीबाबत अमुक तारखेपासून झालेल्या तपासण्यांच्या तारखा, तपासणी करणाऱ्या त्रयस्थ संस्थेचे नाव, वाहिनीवरील आवरणाच्या खोलीच्या मोजणीची नोंद, गंजरोधक कॅथोडिक संरक्षणाची मोजमापे, गळती सर्वेक्षणाचा अहवाल आणि मंडळाने काढलेल्या त्रुटींवर कंपनीने दिलेले पूर्तता उत्तर, यांच्या प्रती मागाव्यात. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातातील उथळ पाण्यात वाहिनी उघडी किंवा नौकांना धोकादायक आढळली तर २४ तासांत कळवणे, सात दिवसांत खूण लावणे आणि सहा महिन्यांत पुन्हा गाडणे असा नियम आहे. तो आपल्याला लागू नाही, पण आपल्या अर्जातही याच तीन टप्प्यांच्या तारखा मागता येतात: कधी आढळले, खूण कधी लावली, दुरुस्ती कधी झाली.

नकाशे आणि अक्षांश-रेखांश मागण्याचा मोह टाळावा. त्यावर सुरक्षेचे कलम ८ (१)(क) किंवा व्यापारी गोपनीयतेचे ८ (१)(घ) लावून सगळाच अर्ज नाकारला जातो. कलम १० नुसार नाकारण्याजोगा भाग वगळून उरलेला द्यावा, असे वाक्य अर्जाच्या शेवटी घालावे.

येथे एक कळकळीची सूचना. नदीत सतत एकाच ओळीत बुडबुडे दिसत असतील किंवा फुसफुस ऐकू येत असेल तर अर्ज लिहीत बसू नये. ठिणगी होईल असे काही न करता दूर जावे आणि खांबावरच्या क्रमांकावर, तसेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवावे. नैसर्गिक वायूला मुळात वास नसतो. ओळखू यावा म्हणून शहर वितरणाच्या गॅसमध्ये मरकॅप्टनसारखा उग्र वासाचा पदार्थ मिसळतात, पण मुख्य वाहिनीतल्या गॅसला तो असेलच असे धरून चालू नये. पंचगंगेत सांडपाण्याच्या गाळातूनही बुडबुडे येतात, त्यामुळे प्रत्येक बुडबुडा गळतीचा नसतो. तरीही ठरवण्याचे काम कंपनीवर सोडावे.

मुदती, आणि साठ दिवसांचा फास

उत्तराची मुदत ३० दिवसांची. टपाल कार्यालयातल्या सहायक माहिती अधिकाऱ्यामार्फत अर्ज दिला तर त्यात पाच दिवस वाढतात. माहिती कंपनीची असल्याने कलम ११ खाली कंपनीला विचारणा झाली तर ४० दिवस होतात, आणि या विषयात ती बहुधा होतेच. प्रतींसाठी पानाला दोन रुपये भरा असे पत्र आले, तर ते पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस हिशोबात धरले जात नाहीत. 'तिसावा दिवस उलटला' म्हणून घाईने केलेली अपिले इथेच मुदतपूर्व ठरतात. मुदत संपल्यावर किंवा नकार मिळाल्यावर ३० दिवसांत प्रथम अपील करावे. केंद्राकडे त्याला शुल्क नाही, राज्याकडे वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. केंद्राकडच्या अर्जाचे दुसरे अपील ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते. त्याच्या सुनावणीसाठी दिल्लीला जावे लागत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणाहून व्हिडिओद्वारे हजर राहता येते.

मात्र माहिती मिळणे आणि कारवाई होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमभंगाबद्दल मंडळाकडे कोणीही व्यक्ती २००६ च्या कायद्याच्या कलम २५ खाली विहित नमुन्यात व शुल्कासह तक्रार करू शकते, परंतु ती नियमभंग घडल्यापासून ६० दिवसांत करायची असते. लोक हे साठ दिवस माहिती हाती आल्यापासून मोजतात. कायदा तसे म्हणत नाही. तपासणी जुलैत व्हायला हवी होती आणि झाली नाही, हे आपल्याला ऑक्टोबरात कागदावर कळते, तेव्हा मुदत केव्हाच संपलेली असते. नागरिकाला ज्या गोष्टीचा पत्ताच लागू शकत नाही, तिच्याबद्दल त्याने साठ दिवसांत तक्रार करावी अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी एकदा स्वतः असा अर्ज करून पाहावा. पुरेसे कारण असेल तर उशिरा आलेली तक्रारही मंडळ दाखल करून घेऊ शकते. म्हणून तक्रारीसोबत विलंबाच्या कारणांचे स्वतंत्र निवेदन द्यावे आणि त्याला माहिती अर्जाची पोच, नोंदणी क्रमांक व उत्तर मिळाल्याच्या तारखेचा पुरावा जोडावा. ऑनलाइन अर्ज वर्ग झाल्यावर त्याला नवा नोंदणी क्रमांक पडतो. दोन्ही जपून ठेवावेत, नाहीतर विलंबाची साखळी जुळत नाही.

जिथे नियमभंग डोळ्यांना दिसतो, म्हणजे वाहिनी उघडी पडली आहे किंवा खुणेचे खांब नाहीत, तिथे माहितीची वाट न पाहता दिनांकासह छायाचित्रे जोडून तक्रार आधी करावी आणि माहितीचा अर्ज त्याच आठवड्यात वेगळा द्यावा. प्रथमदर्शनी तथ्य आहे की नाही हे मंडळाने ३० दिवसांत ठरवायचे असते. नियमभंग सिद्ध झाला तर कलम २८ नुसार प्रत्येक भंगास एक कोटी रुपयांपर्यंत, आणि तो चालूच राहिला तर दररोज दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मंडळाचा आदेश मान्य नसल्यास ३० दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्या टप्प्यावर मात्र वकिलाशिवाय जाऊ नये.