सातवा सदस्य आणि सभेची भाषा

नेरूळमधील आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीवर सात सदस्य आहेत. त्यांपैकी सहा जणांची मातृभाषा तरी मराठी आहे किंवा मराठी त्यांना घरच्यासारखी येते. सातवे सदस्य उत्तर प्रदेशातून बदली होऊन आले आणि इथेच स्थायिक झाले. त्यांना मराठी समजत नाही. पाण्याच्या टाकीच्या गळतीविषयी आमचे मराठीत बोलणे चाललेले असते, ते दार लोटून आत येतात, आणि ज्याचे वाक्य अर्ध्यावर असते तो ते हिंदीत पूर्ण करतो. त्यांनी तशी अपेक्षा कधी बोलून दाखवलेली नाही आणि आम्हीही तसा ठराव कधी केलेला नाही. मला अधिक विचारात पाडते ते पुढचे: ते निघून गेल्यानंतरही बराच वेळ आम्ही सहा जण एकमेकांशी हिंदीतच बोलत राहतो.

दोन भाषांच्या संघर्षाची चर्चा निघाली की डोळ्यांसमोर मोर्चे, पाट्या आणि घोषणा येतात. भाषासंपर्काचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र आपली नजर बहुधा अशाच लहान प्रसंगांवर ठेवलेली आहे. उरिएल वाइनराइख यांनी 1953 साली या विषयाची जी मांडणी केली, तिच्या मुळाशी एक साधे विधान होते: भाषा एकमेकींना भेटतात त्या नकाशावरच्या सीमारेषेवर नव्हे, तर दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाच्या मनात आणि त्याच्या जिभेवर. कोणती भाषा कुठे वापरायची याचा निर्णय तो माणूस दिवसातून शेकडो वेळा घेतो, आणि त्या निर्णयांची बेरीज म्हणजेच भाषांची स्पर्धा.

आमच्या सभेत जे घडते त्याचे गणित मांडता येते, आणि ते मांडून पाहिल्यावर मी स्वतः चकित झालो. समजा, एखाद्या परिसरात दर दहा माणसांपैकी नऊ जणांना मराठी नीट समजते, एकाला मुळीच समजत नाही, आणि हिंदी मात्र सर्वांना येते. दोन अनोळखी माणसे भेटली, तर दोघांनाही मराठी समजत असण्याची शक्यता 0.9 गुणिले 0.9, म्हणजे 81 टक्के आहे. सात माणसे जमली, तर सातही जणांना मराठी समजण्याची शक्यता 0.9 चा सातवा घात, म्हणजे केवळ 48 टक्के उरते. नव्वद टक्के लोकांना जी भाषा येते, तिच्यात निम्म्याहूनही कमी सभा होतील. न समजणारे दहात दोन झाले, तर मराठीत होणाऱ्या सभांचे प्रमाण 21 टक्क्यांवर येते. या हिशेबात कोणाचाही द्वेष नाही आणि कोणाचा कटही नाही. जो सर्वांत कमी भाषा जाणतो त्याची अडचण होऊ नये, एवढा एकच सभ्यपणाचा नियम त्यात आहे. बेल्जियमचे तत्त्वज्ञ फिलिप व्हान पारेइस यांनी हा नियम नीट उलगडून दाखवला आहे. कॅनडात अध्यापन केलेले राज्यशास्त्रज्ञ जाँ लापोन्स यांचे याविषयीचे निरीक्षण तर प्रसिद्धच आहे. माणसे एकमेकांशी जितकी सौजन्याने वागतात तितक्या त्यांच्या भाषा एकमेकींशी निष्ठुर होतात, असा त्याचा आशय आहे.

प्रत्यक्षात माणसे अशी चिठ्ठ्या टाकून एकत्र येत नाहीत. नातेवाईक, गाववाले, एकाच चाळीतले शेजारी यांच्या बैठकी वेगळ्या असतात, आणि म्हणूनच जुन्या वस्त्यांमध्ये हे गणित इतक्या कडकपणे लागू होत नाही. नवी मुंबईत मात्र ते बरेचसे लागू होते. 1970 साली सिडकोची स्थापना झाली, खाडीच्या पूर्वेकडील गावांची जमीन संपादित झाली, आणि वाशीपासून बेलापूरपर्यंत सेक्टर पाडून घरे बांधली गेली. ज्या इमारतीत ओळीने चार दारांवर चार प्रांतांची आडनावे असतात, तिथल्या जिन्यावरच्या भेटी या जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारख्याच असतात.

या प्रक्रियेचे अधिक व्यापक गणित 2003 साली डॅनियल एब्रॅम्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. त्यांनी भाषेची ओढ दोन गोष्टींवर ठरवली: ती बोलणाऱ्यांचे प्रमाण आणि तिची प्रतिष्ठा, म्हणजे ती आल्याने नोकरी, बाजार व मान मिळण्याची आशा. वेल्श, स्कॉटिश गेलिक, केचुआ अशा भाषांच्या कित्येक दशकांच्या आकडेवारीशी हे समीकरण त्यांनी ताडून पाहिले. त्यातून असे दिसले की, बोलणाऱ्यांच्या प्रमाणाबरोबर भाषेची ओढ सरळ पटीत न वाढता त्याहून वेगाने वाढते. प्रमाणाचा घातांक 1.31 च्या आसपास येतो. घातांक एकाहून अधिक असला की दोन भाषांचा समतोल टिकत नाही. उतारावर ठेवलेल्या चेंडूप्रमाणे तो एका बाजूला घरंगळतो आणि दोहोंपैकी एक भाषा संपते. वेल्समध्ये 1901 साली सुमारे निम्मे लोक वेल्श बोलत होते. 2021 च्या जनगणनेत, कायद्याचे आणि शाळांचे मोठे पाठबळ मिळूनही, ते प्रमाण 17.8 टक्के भरले.

या समीकरणात एक मोठी उणीव होती: त्यात माणूस एका वेळी एकच भाषा बोलणारा धरलेला होता. आपल्याकडे असा माणूस शोधावाच लागेल. होर्हे मिरा आणि आंखेल पारेदेस या स्पेनमधील अभ्यासकांनी 2005 साली गॅलिशियन आणि स्पॅनिश या भाषांसाठी समीकरणात दोन्ही भाषा बोलणाऱ्यांचा तिसरा गट घातला आणि दोन भाषा परस्परांना किती जवळच्या आहेत हेही मोजले. निष्कर्ष बदलला. भाषा पुरेशा जवळच्या असतील, तर एक भाषा बोलणारे घटले तरी दोन्ही बोलणाऱ्यांचा मोठा गट टिकून राहू शकतो आणि त्याच्या आधाराने दोन्ही भाषा जगतात. मराठी आणि हिंदी यांची लिपी एक, कुळ एक, बरीचशी शब्दसंपत्ती सामाईक; तेव्हा या निष्कर्षाकडे आपण विशेष लक्ष द्यायला हवे.

इथे शब्दांची उसनवारी आणि भाषापालट, म्हणजे आपली भाषा सोडून दुसरी धरणे, यांतला भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपली बरीचशी चिंता पहिल्या गोष्टीवर खर्च होते. ठाणे 1737 पर्यंत आणि वसई 1739 पर्यंत पोर्तुगिजांकडे होती. त्यांच्या संपर्कातून पगार, चावी, बटाटा, पाव, मेस्त्री, घमेले हे शब्द मराठीत आले. फारसीतून अर्ज, वकील, जमीन, फिर्याद, दप्तर हे शब्द आले, आणि शिवकाळात अशा शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध झाल्यावरही त्यांतले अनेक इथेच राहिले. या शब्दांमुळे मराठीचे काहीही बिघडले नाही, कारण घर, शेत, बाजार, कीर्तन आणि बाळाशी बोलणे ही सगळी व्यवहारक्षेत्रे मराठीच्याच हाती होती.

व्याकरणही आरपार बदलू शकते. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाचा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास 1971 साली प्रसिद्ध झाला आणि भाषासंपर्काच्या विचारात तो आजही पायाभूत मानला जातो. तिथे जैन व लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू आणि इतर काही घरांत मराठी बोलली जात असे. गटागटांमधल्या व्यवहारात बहुधा मराठी चाले, कारण गावातल्या प्रमुख गटांपैकी कोणाचीही ती घरची नसल्याने सर्वांना ती सारख्याच अंतरावर होती. शेकडो वर्षांच्या शेजारात या भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येई, आणि कन्नडच्या धर्तीवर उर्दूतल्या निर्जीव नामांचे स्त्रीलिंगही ढिले पडले. तरीही शब्द ज्याचे त्याचे राहिले आणि एकही घर आपली भाषा सोडून गेले नाही. ‘मला मदत कर’ याऐवजी ‘माझी मदत कर’ हे मुलांच्या तोंडी ऐकले की माझ्याही कानाला खटकते, ‘म्हणाला’च्या जागी ‘बोलला’ आले की मी अजूनही दुरुस्त करतो. परंतु कुपवाडचा दाखला पाहता, भाषा जाते ती या वाटेने नव्हे, हे मान्य करावे लागते.

ती जाते घरातून. आमच्या इमारतीपासून दहा मिनिटांवर करावे गाव आहे. सिडकोच्या आधी तिथे भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी होती, आणि त्या सर्वांची भाषा आगरी होती. ‘पाणी’चे ‘पानी’, ‘काळोख’चा ‘कालोख’, ‘मला’चे ‘मना’ म्हणणारी ही बोली. गावातील एका आजींशी माझी अनेक वर्षांची ओळख आहे. त्या लेकाशी आगरीत बोलतात, लेक त्यांना आगरीत उत्तर देतो, आणि तोच लेक मुलीकडे वळला की त्याच्या तोंडून शाळेची प्रमाण मराठी येते. नातीला आजीचे सगळे कळते, पण ती स्वतः आगरी बोलत नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या गेलिकचा अभ्यास करताना नॅन्सी डोरियन यांना असेच अर्धवट बोलणारे, पण सगळे समजणारे लोक भेटले होते. अनेक पिढ्या स्थिर वाटलेली भाषा एका पिढीत कशी कलंडते, हे त्यांनी दाखवले.

करावे गावात वरचढ ठरलेली भाषा मराठी आहे, ही गोष्ट मराठीची काळजी वाहणाऱ्या आपण सर्वांनी स्वतःला स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. आगरीच्या बाबतीत शाळा, नोकरी आणि प्रतिष्ठा मराठीच्या बाजूला उभ्या आहेत, आणि ‘अशुद्ध बोलू नकोस’ हे वाक्य वर्गात आपणच उच्चारलेले आहे. आगरी बोलणारी बहुतेक माणसे जनगणनेत मातृभाषा मराठी सांगतात, त्यामुळे हा भाषापालट कोणत्याही तक्त्यात उमटत नाही.

हिंदीच्या तक्त्यातही असेच घडते. मुंबईत मातृभाषा हिंदी सांगणारे 2001 साली 25.88 लाख होते, ते 2011 साली 35.98 लाख झाले. त्याच दशकात मराठी सांगणारे 45.23 लाखांवरून 44.04 लाखांवर आले. हे आकडे वाचून मन अस्वस्थ होते आणि ते स्वाभाविक आहे. पण 2011 च्या देशभरच्या गणनेत आपली मातृभाषा भोजपुरी असल्याचे सांगणारे 5 कोटींहून अधिक लोकही हिंदीतच मोजलेले आहेत. तुर्भ्याच्या बाजारात माथ्यावर पोती वाहणारा बलियाचा माणूस ज्या हिंदीत माझ्याशी बोलतो, ती अनेकदा त्याच्या आईची भाषा नसते. त्याच्या मुलांच्या तोंडून भोजपुरी जाईल तेव्हा तिची नोंदही होणार नाही.

आपल्याच जिल्ह्यातील उल्हासनगरने तर हा सारा प्रवास एका शहराच्या आयुष्यात पाहिला. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसवण्यात आले आणि 1949 साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी बोलणाऱ्यांची एवढी दाट वस्ती होती, 1967 साली सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थानही मिळाले. पण अरबी वळणाची लिपी की देवनागरी, या वादात शिक्षणाची घडी विस्कटलेली राहिली, व्यापाराची भाषा हिंदी झाली, शाळेची इंग्रजी झाली, आणि नातवंडांशी सिंधीत बोलणे हळूहळू कमी होत गेले. घरातून पुढच्या पिढीकडे भाषा जाणे थांबले की अनुसूची, अकादमी आणि पुरस्कार तिला तारू शकत नाहीत, हे जोशुआ फिशमन यांनी 1991 साली जगभरच्या उदाहरणांवरून मांडले. ते उल्हासनगरात बसूनही लिहिता आले असते.

स्पर्धेचा संघर्ष कधी होतो, याचेही उत्तर बरेचसे ठाऊक आहे. भाषेवर भाकरी अवलंबून असते आणि ती कोणाच्या भाषेत मिळणार याचा नियम उघडपणे ठरलेला नसतो, तेव्हा तो होतो. कॅनडातील क्वेबेकमध्ये बहुसंख्य लोक फ्रेंच भाषक असूनही बढती इंग्रजीतून मिळे आणि बाहेरून येणारे लोक मुलांना इंग्रजी शाळांत घालत. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यावरून रस्त्यावर दंगे झाले. 1977 च्या कायद्याने फ्रेंच ही कामाची नेहमीची भाषा ठरली आणि नव्याने येणाऱ्यांच्या मुलांना फ्रेंच शाळा आवश्यक झाल्या. त्या कायद्यावर आक्षेप अनेक आहेत, पण भाषेचा प्रश्न त्याने दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातल्या भांडणातून उचलून संस्थांच्या नियमांत नेला. आपल्याकडे 1964 चा राजभाषा अधिनियम आहे आणि सर्व शाळांत मराठी शिकवणे बंधनकारक करणारा 2020 चा कायदाही आहे. लोकलच्या डब्यात एखाद्या फेरीवाल्याला दरडावून मराठी बोलायला लावले जाते, तेव्हा मला त्याचे दुःख होते आणि मराठीचेही होते. कारण जो प्रश्न शाळेने आणि कार्यालयाने सोडवायचा, तो आपण सर्वांत दुबळ्या माणसाच्या गळ्यात टाकलेला असतो, आणि त्याच्या मनात मराठीची पहिली आठवण भीतीची राहते.

आता पुन्हा आमच्या सभेकडे येतो. स्वीडिश आणि नॉर्वेजियन माणसे भेटली की पुष्कळदा ज्याने त्याने आपल्या भाषेत बोलावे आणि दुसऱ्याची समजून घ्यावी, अशी रीत आहे. भाषा जवळच्या असल्यामुळे ते जमते. मराठी आणि हिंदी यांत तेवढी नसली तरी पुरेशी जवळीक आहे. गेल्या महिन्यात मी सातव्या सदस्यांना सरळ विचारले की, आम्ही मराठीत सावकाश बोललो आणि तुम्ही हिंदीत उत्तर दिले तर चालेल का? ते म्हणाले, तीन वर्षांत हे मला कोणी विचारलेच नव्हते. टाकीच्या दुरुस्तीचा विषय त्या दिवशी दोन भाषांत पार पडला. दोनदा त्यांनी शब्दाचा अर्थ विचारला, एकदा ‘थकबाकी’चा आणि एकदा ‘इतिवृत्ता’चा. दहात एक मराठी न समजणारा असताना सातांच्या 48 टक्के सभा मराठीत होऊ शकतात. न समजणाऱ्यांपैकी निम्म्यांना मराठी नुसती समजू लागली, बोलता आली नाही तरीही, तर 0.95 चा सातवा घात 70 टक्के येतो.