अपघातोत्तर कर्तव्ये, मोटारचालकाची

मोटार वाहनाच्या अपघातात एखादी व्यक्ती जखमी झाल्यास किंवा त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास त्या वाहनाच्या चालकावर कायद्याने येणारी कर्तव्ये, आणि त्यापुढे सुरू होणारी वैद्यकीय, पोलिसी व विमाविषयक कार्यवाही. भारतात या कर्तव्यांचा मुख्य आधार मोटार वाहन अधिनियम, 1988 ची कलमे 132 ते 134 हा आहे. अपघातात चूक कोणाची, याचा निर्णय पुढे होत असतो. ही कर्तव्ये मात्र तो होण्यापूर्वीच आणि तो कसाही झाला तरी लागू असतात.

अपघातानंतर थांबण्याची सक्ती मोटारीइतकीच जुनी म्हणता येईल. ब्रिटनच्या 1903 च्या मोटार कायद्यात ती होती. भारतात 1914 च्या व त्यानंतर 1939 च्या अधिनियमाने हा विषय हाताळला. 1939 च्या अधिनियमातील कलम 89 हे आजच्या कलम 134 चे पूर्वरूप मानले जाते. थांबण्याचे व आपले आणि वाहनमालकाचे नाव-पत्ता देण्याचे कर्तव्य सध्या कलम 132 मध्ये आहे. त्यातील ‘प्राणी’ या शब्दाची व्याप्ती घोडा, गुरे, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी व शेळी एवढीच आहे. रस्त्यावर सर्वाधिक चिरडला जाणारा कुत्रा तीत नाही, यावरून ही यादी पाळीव जनावरांच्या मालकांचे हित डोळ्यांसमोर ठेवून झाली असावी.

कलम 134 मध्ये तीन उपखंड आहेत. पहिल्यानुसार चालकाने जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात नेऊन उपचार मिळवून देण्यासाठी वाजवी प्रयत्न करावयाचे असतात. जमावाच्या प्रक्षोभामुळे किंवा त्याच्या आवाक्याबाहेरील अन्य कारणामुळे ते शक्य नसेल तर मात्र त्याला सूट आहे. दुसऱ्यानुसार पोलीस अधिकाऱ्याने मागितलेली माहिती द्यावयाची असते आणि घटनास्थळी पोलीस नसल्यास शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात अपघाताची हकिकत कळवावयाची असते. तिसऱ्यानुसार विमा कंपनीला लेखी माहिती द्यावयाची असते.

जमावाच्या प्रक्षोभाच्या अपवादाची व्याप्ती हा या कलमातील सर्वांत वादग्रस्त भाग होय. एका मतानुसार हा अपवाद साऱ्या कलमावर छाया धरतो आणि मारहाणीच्या भीतीने निघून गेलेल्या चालकाला कलमभंगाचा दोष देता येत नाही. दुसऱ्या मतानुसार अपवादाचे शब्द पहिल्याच उपखंडात असल्याने ते फक्त जखमीला स्वतः रुग्णालयात नेण्याच्या कर्तव्यापुरते मर्यादित आहेत, खबर देण्याचे कर्तव्य त्यामुळे सुटत नाही. कलमाची रचना पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण खबर देण्यासाठी घटनास्थळी थांबावेच लागते असे नाही आणि 24 तासांची मुदत अशाच प्रसंगाला पुरेशी आहे. जमाव अंगावर आल्यास निघून थेट नजीकचे पोलीस ठाणे गाठण्याची अनेक ट्रक व एसटी चालकांची जुनी रीत या वाचनाशी जुळते. कलम 134 च्या भंगासाठी कलम 187 खाली शिक्षा असून 2019 च्या दुरुस्तीने ती सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी वाढली. पुन्हा गुन्हा केल्यास मर्यादा एक वर्ष व 10,000 रुपये आहे.

या वादाला भारतीय न्याय संहितेने धार आणली. भरधाव किंवा निष्काळजी कृत्याने मृत्यू घडवणे हा गुन्हा 1870 मध्ये भारतीय दंड संहितेत कलम 304अ म्हणून घातला गेला आणि त्याची कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. नव्या संहितेच्या कलम 106(1) मध्ये ती पाच वर्षे झाली, गुन्हा जामीनपात्रच राहिला. कलम 106(2) नुसार मात्र निष्काळजी वाहन चालवून मृत्यू घडवणारा चालक घटनेनंतर लगेच पोलीस अधिकाऱ्याला किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ‘लगेच’ आणि कलम 134 मधील ‘24 तास’ यांचा मेळ कसा घालावयाचा, हे संहितेत स्पष्ट केलेले नाही. जानेवारी 2024 च्या आरंभी ट्रक व टँकर चालकांनी या पोटकलमाविरुद्ध काम बंद ठेवले. मनमाडजवळील पानेवाडीच्या इंधन डेपोतील वाहतूक थांबली आणि महाराष्ट्रातील पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. 1 जुलै 2024 पासून संहिता लागू करण्याची अधिसूचना निघाली तेव्हा 106(2) त्यातून वगळण्यात आले.

उपचारांच्या बाबतीत ‘गोल्डन अवर’ ही कल्पना आता कायद्यातच आली आहे. दुखापतीनंतरचा, तातडीचे उपचार मिळाल्यास मृत्यू टळण्याची शक्यता सर्वाधिक असलेला एक तास, अशी तिची व्याख्या 2019 च्या दुरुस्तीत आहे. या कल्पनेचे श्रेय सामान्यतः बाल्टिमोरचे शल्यविशारद आर. अ‍ॅडम्स काउली यांना, म्हणजे 1960-70 च्या दशकांतील कार्याला दिले जाते. काही अभ्यासक तिचे मूळ पहिल्या महायुद्धातील फ्रेंच लष्करी आकडेवारीत शोधतात. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नेमक्या साठ मिनिटांच्या मर्यादेला पुरेसा थेट पुरावा आढळला नाही. त्यामुळे तिच्याकडे शरीरशास्त्रीय सीमारेषा म्हणून न पाहता त्वरेचा आग्रह म्हणून पाहणे इष्ट. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात (1989) पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येणार नाहीत असे सांगितले होते, आणि कलम 134 डॉक्टरांवरही तेच बंधन घालते. मे 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेत जखमीला जास्तीत जास्त सात दिवस व दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची सोय आहे. मदतीला धावणाऱ्या तिऱ्हाइताला कलम 134अ चे संरक्षण मिळते. अपघातातील चालकाला ते अर्थातच लागू नाही.

घटनास्थळी इंजिन बंद करणे, धोक्याचे दिवे लावणे, मागे परावर्तक त्रिकोण ठेवणे, 112 किंवा 108 वर आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033 वर कळवणे, वाहने हलवण्यापूर्वी छायाचित्रे घेणे या गोष्टी सर्वपरिचित आहेत. द्रुतगती मार्गावर प्रवाशांना वाहनात किंवा त्याच्या मागे उभे न ठेवता कठड्यापलीकडे नेणे महत्त्वाचे ठरते. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असलेल्या जखमीला, आग किंवा दुसऱ्या धडकेचा धोका नसल्यास, ओढून बाहेर काढू नये.

यानंतर पोलीस पंचनामा करतात. परिवहन विभागाच्या निरीक्षकाकडून कलम 136 खाली वाहनाची तांत्रिक तपासणी होते, आणि सोपस्कार संपल्यावर 24 तासांत वाहन परत द्यावे असे ते कलम सांगते. चालकाने मद्य घेतल्याचा संशय असल्यास श्वासाची व रक्ताची चाचणी होते. मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. नमुना केव्हा घेतला आणि कोणाच्या ताब्यात राहिला याला किती महत्त्व येते, ते मे 2024 मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर नमुना बदलल्याच्या आरोपांवरून सर्वांना कळले. 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यावयाचा असतो, 50 दिवसांत अंतरिम आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल. चालक व मालक यांनाही विहित नमुन्यांत माहिती भरून द्यावी लागते.

जागेवर पैसे देऊन केलेली तडजोड वाहनाच्या किरकोळ नुकसानीपुरती चालून जाते. मृत्यू झाला असल्यास फौजदारी गुन्हा तिने मिटत नाही. त्रयस्थ पक्षाचा विमा कलम 146 नुसार सक्तीचा आहे. कलम 164 खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. वाहन न सापडल्यास शासकीय योजनेतून अनुक्रमे 2 लाख व 50 हजार एवढीच भरपाई मिळते. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा सर्वंकष विमा असेल तरच करता येतो आणि कंपनीच्या सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी गाडी गॅरेजमध्ये उघडू नये. त्रयस्थ विम्यातून चालकाला स्वतःच्या दुखापतीबद्दल काही मिळत नाही. मालकच गाडी चालवत असल्यास 15 लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आणि पगारी चालक असल्यास कर्मचारी भरपाईच्या तरतुदी (नोव्हेंबर 2025 पर्यंत 1923 चा कर्मचारी भरपाई अधिनियम, त्यानंतर सामाजिक सुरक्षा संहिता, 2020), हे त्याचे मुख्य आधार होत.